दुसरा वाचक

एकटं राहणारं माणूस पृथ्वीला महाग पडतं, अशा अर्थाचं एक वाक्य पूर्णिमानं दुपारी वाचलं आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. वाक्य इंग्रजीत होतं, कोरडं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या लाखो घरांच्या वीजमीटरांचे आकडे गोळा करून तिघांनी मिळून तो पेपर लिहिला होता. एकट्यालाही फ्रीज लागतोच, दिवा लागतोच, वाटीभर भातासाठीही गॅस पेटवावाच लागतो. म्हणून माणशी हिशेब केला की एकट्याचं घर सगळ्यांत जास्त खातं. यात तिला न पटण्यासारखं काही नव्हतं. सकाळीच तिनं वाटीभर भात लावला होता, अर्धा डब्यात भरून अर्धा रात्रीसाठी झाकून ठेवला होता. नियमानं हा पेपर सोडून द्यायचा होता. त्यांच्या कामात घरगुती वापर धरायचा नाही, फक्त शेती, कारखाने आणि शहरांचा कारभार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. तरी तिनं ‘घ्या’ लिहिलेल्या चौकोनावर दाबलं. चौकोन हिरवा झाला, आणि तिचा निर्णय नोंदला गेल्यावर नेहमीप्रमाणे शेजारचा चौकोन उघडला. तोही हिरवा होता. दुसऱ्या वाचकानंही तो पेपर घेतला होता.

उजळाईवाडीच्या रस्त्याला एका खाजगी संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर ती हे काम करायची. बिग डेटा आणि शाश्वत विकास या दोन गोष्टींना जोडणारं संशोधन गेल्या काही वर्षांत जगभर कुठल्या दिशेनं चाललंय, याचा मोठा आढावा इंगवले सर लिहीत होते. त्यासाठी हजारो पेपरांचे सारांश वाचून कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा हे ठरवायचं. एकाच माणसाच्या नजरेवर विसंबू नये म्हणून दोन वाचकांनी ते वेगवेगळं ठरवायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, ओळख ठेवायची नाही, आणि जिथं मतं फुटतील तिथं सर निवाडा करणार. पूर्णिमा पहिली वाचक. दुसरा कोण, कुठला, बाई की बाप्या, तिला ठाऊक नव्हतं. पण सुरुवातीच्या महिन्यांत तो दुसरा तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. ती घेई ते तो सोडी. शेरा लिहायची एक चिंचोळी जागा होती, तिथं तो रोमन अक्षरांत मराठी लिहायचा. ‘दोन्ही शब्द फक्त नावात आहेत, आत काही नाही.’ ‘हा त्या मागच्या पेपराचा जुळा भाऊ.’ ‘उपग्रहानं रान बघितलं, रानात कोण गेलंय का?’ तिला राग यायचा. एखाद्या चांगल्या पेपरावर लाल चौकोन दिसला की ती घरी जाईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहायची, आणि शिवाजी पेठेत तालमीसमोर रिक्षातून उतरताना तिला एखादा नेमका मुद्दा सुचायचा, पण तो सांगायला जागा नसायची.

मग दिवाळीनंतर ते थांबलं. शेरे बंद झाले, मतं जुळायला लागली. आधी तिला बरं वाटलं, मग सवय झाली, आणि मग त्या सवयीत हळूहळू आणखी काहीतरी मिसळलं ज्याला ती नाव देत नव्हती. सुरुवातीचे पेपर शहरं आणि वीज यांचे होते, पुढचे कारखान्यांच्या मालाच्या साखळ्यांचे, मग शेतातल्या सेन्सरांचे, आणि अलीकडच्यांत हा सगळा डेटा साठवायलाच किती वीज नि पाणी जळतंय याची काळजी. या सगळ्या वाटेवर तिच्या शेजारून कोणीतरी चालत होतं. एखादा सारांश वाचताना ती थबके, शंका घेई, शेवटी घेई. आणि शेजारचा चौकोन हिरवा. जणू तोही तिथंच थबकला असावा. तिनं त्याला एक वय दिलं होतं, पन्नाशीच्या अलीकडचं. एक खिडकी दिली होती. तो चहा थंड करून पितो असं तिला उगाचच वाटे. आणि आता हा पेपर. नियम मोडून घेतलेला. घरगुती वापर धरायचा नाही हे त्यालाही माहीत होतंच की. म्हणजे तोही एकटा राहतो, असं तिच्या मनात आलं.

त्या संध्याकाळी ती रिक्षातून अलीकडेच उतरून चालत घरी आली. पेठेत फुटबॉलची मॅच जिंकून आलेली पोरं झेंडे घेऊन मोटारसायकलींवरून ओरडत चालली होती. लोक दारात उभे राहून बघत होते. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण शालूबाई म्हणाल्या, “आज उशीर केलासा व्हय? जेवनाचं काय?” पूर्णिमा म्हणाली, “भात आहे सकाळचा.” “रोजच सकाळचा भात,” शालूबाई म्हणाल्या आणि पुन्हा मिरवणूक बघू लागल्या. वर येऊन तिनं दिवा लावला. एका खोलीचा एक दिवा. गडहिंग्लजच्या घरात एका दिव्याखाली सहाजणं बसायची आणि सहाही जणं एका वेळी बोलायची. वडील आणि आक्का, तिची थोरली बहीण, यांचं तर मिठापासून राजकारणापर्यंत कशावरच पटत नसे. वडील म्हणायचे पाऊस येणार, आक्का म्हणायची न्हाय येत. ताटं वाढून झाली तरी ते संपत नसे. लहानपणी पूर्णिमा त्या गलक्यात कानांवर हात ठेवून अभ्यास करायची आणि मोठी झाल्यावर एका शांत घरात राहायचं ठरवायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तेजस्वीकडे गेली. सॉफ्टवेअरचं सगळं काम बघणारी तेजस्वी तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मोकळी. नियमाबाहेरचं विचारायचंय म्हणून पूर्णिमानं आधी इकडचं-तिकडचं काढलं, तिच्या डब्यातली भाजी चाखली, मग म्हणाली, “तो दुसरा वाचक कोण आहे गं? नाव नको सांगूस. नुसतं, कुठला आहे?”

तेजस्वीनं घास गिळला. “दुसरं कोण न्हाय, मॅडम. दिवाळीपासनं मशीनच हाय की. तुमाला सांगितलं न्हाय सरांनी?”

“मशीन म्हणजे?”

“प्रोग्रॅम. तुमी आधी जे घेतलं-सोडलं त्याच्यावर शिकवलंय त्येला. तुमी पुढं काय करशीला ते वळखतंय. आन रोज परत शिकतंय.” ती हसली. “लई हुशार झालंय आता. तुमी मध्यंतरी घरांचे पेपर घ्यायला लागलासा न्हवं का? म्हाताऱ्या माणसांचा पाण्याचा वापर, एकट्यांच्या गाड्या, असले? आधी ते सोडायचं. आता ते पण घ्यायला शिकलंय.”

पूर्णिमा म्हणाली, “हो का.” मग म्हणाली, “भाजी छान झालीय.” ती आपल्या टेबलाशी परत आली आणि बसली. स्क्रीनवर पुढचा सारांश उघडा होता. कान गरम झाले होते. आपण कपडे बदलताना खिडकी उघडी होती हे नंतर कळावं तसं तिला वाटत होतं. घरांचे पेपर आपण घ्यायला लागलोय हे तिचं तिला माहीत नव्हतं. ते यंत्राला कळलं होतं, तेजस्वीला कळलं होतं. चार महिने ती ज्याच्याबरोबर चालत होती ते तिचंच पाऊल होतं. तिनं त्याला खिडकी दिली होती, चहा दिला होता. तिला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. तिला एकदम श्रीधर आठवला, आणि तो इतक्या वर्षांनी असा ऑफिसात भरदुपारी आठवावा याचं तिला नवल वाटलं.

श्रीधर वाईट माणूस नव्हता. पुण्यात त्यांचा संसार झाला तेवढी वर्षं त्यानं कधी आवाज चढवला नाही. पडदे कुठले घ्यायचे, तुला आवडतील ते. सुट्टीला कुठं जायचं, तू म्हणशील तिथं. मूल हवं की नको, यावरही तो म्हणाला होता, तुला योग्य वाटेल ते. सुरुवातीला मैत्रिणी हेवा करायच्या. मग एकदा तिनं मुद्दाम एक धडधडीत चुकीची गोष्ट सांगितली, एका नात्यातल्या माणसाबद्दल, अगदी खोटी. आणि तो मान हलवून ‘बरोबर आहे तुझं’ म्हणाला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. तेव्हा तिला घराच्या भिंती अचानक लांब गेल्यासारख्या वाटल्या होत्या. ती म्हणाली, मला इथं राहायचं नाही. तो म्हणाला, तुला तसं वाटत असेल तर. वेगळं होताना वकिलानं कारण विचारलं तर तिला सांगता येईना. भांडण? नाही. दारू? नाही. तिसरं कोणी? नाही. आक्का गडहिंग्लजहून आली होती, तिनं सरळ विचारलं, “मग झालंय तरी काय, बाई?” आणि पूर्णिमा म्हणाली होती, “काहीच झालं नाही, आक्का. काहीच होत नाही.” आक्काला ते पटलं नाही, आणि ती रात्रभर तिच्याशी वाद घालत राहिली. त्या मोडक्या दिवसांत तेवढी एकच रात्र पूर्णिमाला ऊबदार आठवते.

संध्याकाळी निघताना तिनं तेजस्वीला विचारलं, दिवाळीच्या आधी कोण होतं. तेजस्वीला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. हुपरीचा रिजवान मुजावर म्हणून एकजण होता, घरून करायचा. “सर वैतागले हो त्येला. रोज तुमा दोघांचं भांडण मिटवत बसायचं म्हंजे.” तिनं नंबर दिला. फोनवर पूर्णिमानं आपण पहिली वाचक आहोत एवढंच सांगितलं. पलीकडे ठोकाठोकीचा आवाज. मग तो म्हणाला, “या की रविवारी. मला पण बघायचंय तुमाला.”

रविवारी ती एस.टी.नं हुपरीला गेली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या होत्या, बस त्यांच्या मागं रेंगाळत होती, मळीचा आंबूस वास आत येत होता. कशाला चाललोय, हे तिला कळत नव्हतं. भेटून काय विचारणार? तुम्ही एकटे राहता का? बसमध्ये शेजारच्या बाईनं तिला कुठं जाणार, कुणाकडं, ते तुमचे कोण, असं ओळीनं विचारलं. ती म्हणाली, “ओळखीचे आहेत,” आणि हे खरं की खोटं याचा विचार करत राहिली.

मुजावरांच्या घरात शिरायलाच जागा नव्हती. पुढच्या ओसरीवर तीन बायका पैंजणांना घुंगरं जोडत बसल्या होत्या, आतल्या खोलीत कोणीतरी चांदी ठोकत होतं, टीव्ही चालू होता, त्याच्यासमोर एक मूल झोपलं होतं. रिजवान तिशीचा, जाड चष्म्याचा, बनियनवर शर्ट अडकवत बाहेर आला. तिच्या मनातल्या माणसाचं वय, खिडकी, काहीही त्याच्याजवळ नव्हतं. त्याची आई चाँदबी म्हणाल्या, “बसा बाई, हितंच बसा, तेवढीच जागा हाय,” आणि एका बाईला बाजूला सरकवलं.

“तुमी पैल्या नंबरवाल्या,” रिजवान म्हणाला. तो तिच्याकडे निरखून बघत होता. “राग मानू नका, पर मला वाटायचं कोण तरी नवं पोरगं बसवलंय. जे येईल ते घेतंय.”

“मी विचार करून घ्यायची,” पूर्णिमा म्हणाली.

“विचार करून घेतलेलं लई वाईट की मग.”

तिला हसावं की उठून जावं कळेना. तिनं त्याला मशीनचं सांगितलं. त्याला आधीच अंदाज होता. दिवाळीत सरांनी काम संपलं म्हणून कळवलं, पण काम संपलेलं नव्हतं हे त्याला दिसत होतं. त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. पीएच.डी. अर्धी राहिली होती, आता क्लासला गणित शिकवतो, उरलेल्या वेळेत घरचं चांदीचं काम. मग तिनं, आपण कशासाठी आलोय ते हेच असावं असं वाटून, त्याला तो पेपर सांगितला. लाखो मीटर, एकट्यांची घरं, माणशी हिशेब. “हा तुमच्याकडे आला असता,” ती म्हणाली, “तर काय केलं असतंत?”

“सोडला असता.”

“लगेच? वाचायच्या आधीच?”

“घरगुती वापर धरायचा न्हाय म्हणून ठरलंय न्हवं? नियम म्हंजे नियम.”

“नियम बाजूला ठेवा. पेपर म्हणून.”

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. “तरी सोडला असता. खोटा न्हाय, पर अर्धा हाय. हे बघा, आमच्या घरात आठ माणसं. त्या हिशेबानं आमी पृथ्वीला लई स्वस्त. पर दिवसभर भट्टी चालू हाय ती कुणाच्या नावावर धरायची? पैंजण घालनारी मुंबईत एकटी ऱ्हात असंल तर? आन मीटरला हे कुठं कळतंय, की आठातला कोण कुणाशी बोलतोय?” बोलता बोलता त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि चष्मा पुन्हा घातला.

“पण म्हणून तो टाकून द्यायचा?” पूर्णिमा म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो चढलाय हे तिला सगळ्यांआधी कळलं. “अर्धा तर अर्धा. दुसरा अर्धा कोणीतरी लिहील. तुम्ही सगळंच टाकून दिलंत तर मग उरणार काय?”

“जे धड हाय तेवढंच उरंल.”

“धड काहीच नसतं.”

“मग काहीच नको घ्यायला.”

“रिजवान,” चाँदबी म्हणाल्या, “पावणी पैल्यांदा घरात आल्या, आन तू भांडालायस? च्या तरी पिऊ दे त्यास्नी.” घुंगरं जोडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. रिजवान ओशाळला. पूर्णिमा म्हणाली, “राहू दे हो, त्यांचं चालू दे,” आणि गरम चहाचा मोठा घोट घेतला. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं ते त्या चटक्यानंच असं तिनं ठरवलं.

सोमवारी ती इंगवले सरांच्या खोलीत गेली. लेख तयार होता, आठवड्यात पाठवायचा होता. त्यात लिहिलं होतं की निवड दोन स्वतंत्र वाचकांनी केली आणि त्यांच्यात विलक्षण एकमत आढळलं. सरांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. ते चिडणारे नव्हतेच. “हे बघा पूर्णिमाताई,” ते म्हणाले, “यंत्र स्वतंत्रच आहे. तुमच्या शेजारी बसून बघून तर करत नाही ना?”

“सर, ते माझ्यावरच शिकलंय. मी चुकले तर तेही चुकतं. त्याला एकमत म्हणता येत नाही.”

“सगळीकडे आता असंच करतात.”

“मग तसं लिहूया. एकीनं वाचलं, आणि तिच्याच निर्णयांवर शिकवलेल्या यंत्रानं तपासलं.”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. विमानतळाकडे जाणारी एक गाडी धूळ उडवत गेली. “तसं लिहिलं तर कोण छापेल?” ते म्हणाले. “आणि परत माणूस बसवून सगळं वाचून घ्यायचं म्हटलं तर वर्ष जाईल. तुम्ही म्हणता ते चूक नाही. पण जमण्यासारखं नाही.” हे ते इतक्या सौम्यपणे म्हणाले की तिला वाटलं, एकदा तरी यांनी टेबलावर हात आपटावा. ती म्हणाली, मग माझं नाव काढा. सर म्हणाले, “तुम्हाला तसंच वाटत असेल तर.” ते शब्द ऐकून ती दारात क्षणभर थांबली. मग बाहेर आली.

लेख गेला. उन्हाळ्यात छापूनही आला. त्यात तिचं नाव नव्हतं, दुसऱ्या वाचकाचं नव्हतं, आणि दोन स्वतंत्र वाचक मात्र होते. मार्चअखेर तिचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. कोणी काढलं असं नाही, कोणी थांब म्हणालं असंही नाही. तेजस्वीनं निघताना मिठी मारली आणि दोन महिन्यांनी तीही बंगळूरला गेली. पूर्णिमाला महाद्वार रोडवरच्या एका सी.ए.च्या ऑफिसात काम मिळालं, तिथं दिवसभर कोणी मान वर करत नसे. आक्का फोनवर म्हणाली, “गडहिंग्लजला ये निघून, काय ठेवलंय तिथं?” ती नको म्हणाली. आक्कानं बराच वेळ वाद घातला, पण आता तिला दम लागायचा, आणि मधेच ती म्हणाली, “बरं, तुझं तू बघ,” आणि फोन ठेवला. आक्कानं असं हार मानणं पूर्णिमाला दिवसभर बोचत राहिलं. संध्याकाळ कशीतरी गेली.

जुनी सवय म्हणून ती अजून सारांश वाचायची, कोणासाठी नाही. एका रविवारी तसाच एक वाचताना, डेटा साठवणाऱ्या मोठमोठ्या इमारती गार ठेवायला गावांचं किती पाणी जातं याबद्दलचा, ती थबकली. चांगला होता. बाजूला दुसरा चौकोन नव्हता. तिनं तो रिजवानला पाठवून दिला, खाली काही न लिहिता. तो दिवस गेला, पुढचे दोन गेले. तिनं मनाची समजूत घातली की आठ माणसांच्या घरात वेळ कुठला. बुधवारी कामावरून येऊन ती कुलूप काढत होती तेव्हा फोन वाजला. मागे तीच ठोकाठोक.

“मॅडम, तो तुमी पाठवलेला वाचला,” रिजवान म्हणाला. कशी आहात वगैरे काही नाही. “एवढा काय धड न्हाय.”

“का म्हणून?” ती दारातच उभी राहिली. “शेवटचा भाग वाचलात? गावांच्या विहिरींचा?”

“वाचला की.”

“नाही वाचलात. वाचला असतात तर असं म्हणाला नसतात.”

“म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय?”

“परत वाचा.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तो काहीतरी पुटपुटला, घरात कोणाला तरी जरा थांबा म्हणाला, आणि ठोकणं बंद झालं. मग त्यानं अडखळत, अर्धं मनात, अर्धं तोंडानं, तो विहिरींचा इंग्रजी भाग वाचायला सुरुवात केली. पूर्णिमा आत आली. चप्पल न काढता तशीच खुर्चीवर बसली, आणि त्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून हात लांब करून पेठेकडची खिडकी लावून घेतली.